ड्रिफ्ट आला म्हणून कंट्रोलर टाकून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे व्हीआरचा, डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा हेडसेट आता नवलाईची वस्तू उरलेला नाही. कुणाकडे परदेशातल्या भावाने आणलेला मेटा कंपनीचा क्वेस्ट २ किंवा क्वेस्ट ३ असतो, कुणी सोनीचा पीएस व्हीआर २ घेतलेला असतो, आणि मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये तर तो दिवसभर एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर फिरत असतो. वर्तमानपत्रांतून त्याविषयी छापून येते ते पडद्याचे रेझोल्युशन, प्रोसेसर आणि किंमत एवढेच. सगळ्यात आधी कुरकुरणारा भाग मात्र हातातल्या कंट्रोलरवरची, अंगठ्याखालची बोटभर जॉयस्टिक. तिला हात न लावताही खेळातला माणूस चालू लागतो, मेनू आपोआप खाली सरकत राहतो, नजर हळूहळू डावीकडे वळते. याला सगळे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. तो दिसला की बहुतेक जण नवा कंट्रोलर शोधू लागतात किंवा अख्खा संच मिळेल त्या भावाला विकून टाकतात. दुरुस्तीच्या कामाशी रोजचा संबंध असल्यामुळे, त्याआधी काय काय करता येते ते सविस्तर कळवावे असे वाटले. पत्र लांबले तर कात्री चालवावी. पण आकडे शक्यतो कापू नयेत, कारण इंटरनेटवरच्या सल्ल्यांत नेमके तेच नसतात.

पहिली गल्लत निदानातच होते. व्हीआरमध्ये ‘ड्रिफ्ट’ दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक जॉयस्टिकचा, दुसरा ट्रॅकिंगचा, म्हणजे हात कुठे आहे ते हेडसेटने ओळखण्याचा. ओळखायचे असे: दोन्ही कंट्रोलर टेबलावर ठेवा, हात लावू नका, हेडसेट घालून बघा. आभासी हात किंवा कंट्रोलरचे चित्र हवेत तरंगत बाजूला जात असेल, थरथरत असेल, तर दोष ट्रॅकिंगचा. हात जागच्या जागी आहेत पण आजूबाजूचे जग सरकते आहे किंवा यादी आपोआप वरखाली होते आहे, तर दोष जॉयस्टिकचा. मग एक कंट्रोलर बंद करून कुठल्या हाताचा ते ठरवा. बऱ्याच खेळांत चालणे डाव्या स्टिकवर आणि वळणे उजव्या स्टिकवर असते. त्यामुळे डावी स्टिक पुढे-मागे या दिशेने जास्त झिजते आणि उजवी आडव्या दिशेने.

ट्रॅकिंगचे थोडक्यात सांगून पुढे जातो. क्वेस्टच्या कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात, ते हेडसेटचे कॅमेरे टिपतात आणि त्यावरून हात कुठे आहे ते ठरते. समोर मोठा आरसा असेल, खिडकीतून थेट ऊन येत असेल किंवा भिंतीवर दिवाळीच्या माळा लुकलुकत असतील, तर कॅमेऱ्यांचा गोंधळ उडतो. घरातले काही दिवेही विजेच्या लयीत, डोळ्यांना न जाणवेल असे लुकलुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेतली ६० ची. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सी म्हणून पर्याय असतो. तिकडून आणलेल्या हेडसेटमध्ये तो ६० वर अडकलेला असेल तर ५० किंवा ऑटो करावा. आणि हो, ट्रॅकिंग सुधारायला म्हणून हेडसेट उन्हात नेऊन तपासू नका. भिंगांतून आत गेलेले ऊन पडद्यावर कायमचा डाग पाडते.

आता खरी जॉयस्टिक. साठ-सत्तरच्या दशकातला रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना हा दोष माहीत आहे, फक्त नाव वेगळे होते. व्हॉल्यूमचे बटण फिरवले की खर्र खर्र आवाज यायचा, मेकॅनिक आत दोन थेंब क्लीनर सोडून ते दहा-वीस वेळा गरागरा फिरवायचा आणि महिना-दोन महिने निभावून जायचे. जॉयस्टिकमध्ये तोच भाग आहे: पोटेन्शिओमीटर, कारागिरांच्या भाषेत पॉट. एक नाही, दोन. एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा पातळ काळा पट्टा असतो आणि त्यावरून पितळी किंवा तत्सम धातूची बारीक बोटे घासत जातात. बोटे पट्ट्यावर कुठे आहेत यावरून व्होल्टेज ठरते आणि कंट्रोलरमधली चिप त्याचा आकडा करते. स्टिक मध्यावर सोडली की आकडा शून्य यायला हवा, पूर्ण एका टोकाला नेली की +१, दुसऱ्या टोकाला −१.

जुना झालेला पॉट उघडून भिंगाखाली धरला की बाकी काही समजवावे लागत नाही. नवा पट्टा एकसारखा मंद काळा दिसतो. जुन्यावर मधोमध एक चकचकीत चर पडलेला असतो, जिन्याच्या पायरीवर माणसांच्या पावलांनी पडतो तसा, आणि चराच्या दोन्ही कडांना काजळीसारखी भुकटी साचलेली असते. ही भुकटी म्हणजे पट्ट्याचाच झिजलेला कार्बन. ती बोटांखाली आली की संपर्क क्षणभर तुटतो आणि आकडा उडी मारतो. चर मध्यावरच जास्त खोल असतो, कारण अंगठा तिथेच विसावलेला असतो. खेळणारा थांबलेला असला तरी अंगठा अगदी बारीक हलत राहतो आणि पॉट घासत राहतो. शिवाय प्रत्येक हालचाल मध्यावरून सुरू होते आणि मध्यावरच संपते.

झीज किती लवकर होते? गेमिंग कंट्रोलरमध्ये सर्रास दिसणाऱ्या अल्प्स या जपानी कंपनीच्या पूर्ण आकाराच्या मॉड्यूलचे, म्हणजे पॉट, स्प्रिंग आणि बटण असलेल्या अख्ख्या जॉयस्टिकच्या संचाचे, कागदावरचे आयुष्य २० लाख फेऱ्यांचे आणि स्टिक खाली दाबण्याच्या बटणाचे ५ लाख दाबांचे आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण हिशेब करून बघा. मिनिटाला ४० हालचाली धरल्या तर तासाला २४००. म्हणजे २० लाख संपायला साधारण ८३३ तास. रोज दोन तास खेळणाऱ्या घरात हे सव्वा वर्षाच्या आत होते. दिवसाला आठ तास चालणाऱ्या गेमिंग झोनमध्ये साडेतीन महिन्यांत. व्हीआर कंट्रोलरमधली मॉड्यूल बरेचदा याहून छोटी आणि चपटी असतात, त्यामुळे त्यांच्याकडून जास्त टिकाऊपणाची अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. तेव्हा दीड वर्षाने ड्रिफ्ट आला तर मुलाने ‘वाट्टेल तसा वापरला’ म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही. सायकलच्या ब्रेकचे रबर झिजते तसा हा झिजणारा भाग आहे.

दूरचित्रवाणीसमोर बसून खेळताना थोडा ड्रिफ्ट चालून जातो. व्हीआरमध्ये तो जास्त त्रास देतो, कारण डोळ्यांसमोरचे सगळे जगच हलते. डोळे सांगतात की आपण सरकतो आहोत, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण उभे आहोत. घाटात एसटीत पुस्तक वाचताना जसे मळमळते, त्याच जातीचा हा गोंधळ. दुरुस्ती होईपर्यंत खेळाच्या सेटिंगमध्ये चालण्यासाठी ‘टेलिपोर्ट’ (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी) आणि वळण्यासाठी ‘स्नॅप टर्न’ (टप्प्याटप्प्याने झटक्यात वळणे) निवडा. दोन्हींमध्ये स्टिक बऱ्यापैकी ढकलल्याशिवाय काही घडत नाही, त्यामुळे लहान ड्रिफ्ट जाणवतच नाही. ‘स्मूथ’ या नावाचे दोन्ही पर्याय तोवर बंद ठेवा.

आता मोजणे. अंदाजाने क्लीनर ओतण्याआधी पाच मिनिटे यावर घालवावीत. हेडसेट संगणकाला जोडून स्टीमव्हीआर हा व्हीआर खेळांचा प्रोग्राम चालवत असाल तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ‘टेस्ट कंट्रोलर’ हे पान आहे. तिथे स्टिकची जागा थेट दिसते. स्टिक पूर्ण पुढे ढकला, हळू सोडा, अंगठा उचला, मग ती कुठे थांबली ते लिहून घ्या. असेच मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक दिशेला पाच वेळा, म्हणजे एकूण वीस नोंदी. शेवटी स्टिक गोल फिरवून टोकांना आकडा १ पर्यंत पोचतो का तेही बघा.

या वीस नोंदी वाचता आल्या की निम्मे काम झाले. आकडा नेहमी एकाच जागी थांबतो, समजा दर वेळी ०.०७, आणि तिथे शांत राहतो, तर केवळ मध्य सरकला आहे. पॉट ठीक असण्याची शक्यता मोठी. डावीकडून सोडली की −०.०६ आणि उजवीकडून सोडली की +०.०६ असे होत असेल, तर स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा दांडीभोवती कचरा अडकून ती मध्येच अडते आहे. अंगठा उचललेला असतानाही आकडा ०.०२, ०.११, ०.०४ असा नाचत असेल, तर पट्ट्यावर भुकटी आहे किंवा चर पडला आहे. आणि टोकाला आकडा ०.८ च्या पुढे जातच नसेल तर खेळात माणूस पळतच नाही, फक्त चालतो. याकडे कुणी ड्रिफ्ट म्हणून बघत नाही, पण मूळ कारण तेच असू शकते.

‘सेल बदलून बघा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. क्वेस्ट २ आणि ३ च्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये एकच एए सेल असतो, तेव्हा बदलायला हरकत नाही. पण त्याने पॉटचा ड्रिफ्ट सहसा जात नाही. पॉटला आणि त्याचा आकडा वाचणाऱ्या चिपच्या भागाला सहसा एकाच ठिकाणाहून व्होल्टेज मिळते, त्यामुळे ते उतरले तरी दोघांचे प्रमाण तेच राहते. उतरलेल्या सेलने जोडणी तुटते, कंपन मंदावते, ट्रॅकिंग अडखळते. सेल काढून घातल्यावर एखाद्या वेळी ड्रिफ्ट गेलेला दिसतो तो वेगळ्या कारणाने: काही कंट्रोलर चालू होताना स्टिक जिथे असेल त्यालाच मध्य मानतात. म्हणून चालू करताना अंगठा स्टिकवर ठेवू नये. ही सवय फुकटात लागते.

मध्य थोडासाच सरकला असेल तर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला डेड झोन म्हणतात: मध्याभोवतीचे एक वर्तुळ, ज्याच्या आत स्टिक कुठेही असली तरी शून्यच धरायचे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठी मायक्रोसॉफ्टने प्रोग्रामरना सुचवलेला डेड झोन डाव्या स्टिकला ३२७६७ (हा पूर्ण टोकाचा आकडा) पैकी ७८४९ आणि उजवीला ८६८९ आहे, म्हणजे अनुक्रमे सुमारे २४ आणि २६.५ टक्के. युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या इनपुट प्रणालीत तो आपण बदलला नाही तर ०.१२५ असतो, आणि ०.९२५ च्या वरचे सगळे पूर्ण १ धरले जाते. थोडक्यात, प्रत्येक नवी स्टिकसुद्धा थोडी वाकडी असते हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे. काही खेळांत हा आकडा स्वतःला बदलता येतो. स्टीमव्हीआरमध्ये प्रत्येक खेळाच्या ‘बाइंडिंग’मध्ये, म्हणजे कुठल्या बटणाने काय व्हावे ते ठरवणाऱ्या पानावर, जॉयस्टिकच्या सेटिंगखाली डेड झोन आहे. हेडसेटच्या कंट्रोलर सेटिंगमध्येही शोधून बघा.

किती ठेवायचा? वीस नोंदींतला मध्यापासून सर्वांत दूरचा आकडा घ्या आणि त्यात ०.०३ मिळवा. सर्वांत दूरचा ०.०९ असेल तर डेड झोन ०.१२. उगाच ०.३० ठेवू नका. मग हळू चालणे, नेम धरताना किंचित वळणे, हे सगळे हातचे जाते आणि स्टिक बटणासारखी होऊन बसते. आमच्या मते ०.२० ही सोसण्याची हद्द. त्यापुढे लागत असेल तर स्क्रू ड्रायव्हर काढायची वेळ आली. आणि आकडा नाचणारा असेल तर डेड झोनच्या मागे लागूच नका. आज ०.१२ ला गप्प बसलेली स्टिक पंधरा दिवसांनी ०.१८ मागेल.

सफाईकडे वळतो. साहित्य: ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानातल्या भाषेत आयपीए. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ते मिळते. १०० मिलीची बाटली घरच्या वापराला वर्षभर पुरते. सोबत मऊ ब्रश, कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर आणि इन्सुलिनची सिरिंज. सॅनिटायझर चालणार नाही: त्यात पाणी असते, बहुधा ग्लिसरीनही असते, आणि ते सुकल्यावर चिकट थर उरतो. ७० टक्क्यांच्या सर्जिकल स्पिरिटचेही तेच, पाणी. निळ्या-पिवळ्या डब्यातला साधा डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवण्याचा फवारा म्हणजे विजेचे संपर्क साफ करणारा कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे; तो मागे तेलकट थर सोडतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळ्या डब्यात मिळतो, तो चालतो, पण डब्यावरचे वाचून घ्या.

आधी सेल काढा. पीएस व्हीआर २ च्या कंट्रोलरमध्ये बॅटरी आतच असते, तो पूर्ण बंद करा. स्टिक एका बाजूला कलती धरून उघड्या पडलेल्या फटीत ब्लोअरने चार-पाच फुंकरा मारा, ब्रश फिरवा, मग दुसरी बाजू. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. क्वेस्टच्या कंट्रोलरमध्ये बोटांची तेलकट मळी, कपड्याची लव आणि चिवड्याचे तिखटमीठ एवढे निघते की कधी कधी इथेच काम संपते. स्प्रिंग ढिली वाटत होती ती ढिली नव्हतीच, दांडी कचऱ्यात अडत होती.

फरक पडला नाही तर आयपीए. आपल्याकडची लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज यू-४० असते, म्हणजे १ मिलीला ४० रेषा. चार रेषा भरल्या की ०.१ मिली. एका वेळी तेवढेच. स्टिक पूर्ण डावीकडे ढकलून उजवीकडच्या फटीत, दांडीच्या बुडाशी सुई नेऊन सोडा. पॉट दांडीच्या बाजूला बसलेले असतात, म्हणून कंट्रोलर त्या बाजूला कलता धरा, म्हणजे द्रव तिकडे ओघळेल. आता स्टिक कडेकडेने ३० वेळा घड्याळाच्या दिशेने, ३० वेळा उलट फिरवा, १५ वेळा दाबा. मग दुसऱ्या बाजूने पुन्हा ०.१ मिली आणि पुन्हा फिरवणे. एका बैठकीत एकूण ०.४ मिलीच्या पुढे जाऊ नका. जास्त ओतले की दोन गोष्टी होतात: वरची मळी धुऊन आत पॉटमध्ये जाते, आणि दांडीच्या सांध्याला कारखान्यात लावलेले ग्रीस निघून जाते. मग स्टिक फिरवताना वाळूत फिरवल्यासारखी वाटते.

पंख्याखाली अर्धा तास ठेवा, पावसाळ्यात दोन तास. तोवर सेल घालू नका. आयपीए चटकन पेट घेते, तेव्हा हे काम गॅसजवळ किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत करायचे नाही. स्टिकच्या रबरी टोपीवर आयपीए सांडले तर लगेच पुसा. नाहीतर ती चिकट होते. आणि तो बोळा चुकूनही हेडसेटच्या भिंगांवर फिरवू नका, त्यांचा लेप जातो. भिंगांना फक्त कोरडे मायक्रोफायबर कापड.

मग वीस नोंदी पुन्हा घ्या. आकड्यांचा नाच थांबला असेल तर भुकटीच होती, काही आठवडे किंवा काही महिने निभेल. नाच तसाच असेल तर पट्ट्याला चर पडला आहे, आणि चर आयपीएने भरून येत नाही. तिसऱ्यांदा सफाई करण्यात काही हशील नाही.

मॉड्यूल बदलणे हा पुढचा आणि खरा उपाय. इथे मात्र जपून. हेडसेट वॉरंटीत असेल तर उघडूच नका. भाग मागवताना मॉडेलचे नाव, डावा की उजवा, आणि मॉड्यूलला जोडलेल्या पट्टीचा, म्हणजे फ्लेक्स केबलचा आकार फोटोशी ताडून घ्या. ‘सगळ्यांना बसते’ असे लिहिलेले कुणालाच नीट बसत नाही. छोटे फिलिप्स आणि टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पाती, चिमटा आणि हेअर ड्रायर लागतो. वरचा पत्रा कुठे गोंदाने, कुठे खाचांनी बसवलेला असतो. ड्रायर मंद ठेवून मिनिटभर गरम केला की पाती आत सरकते. स्क्रू काढाल तसे एका कागदावर कंट्रोलरची आकृती काढून त्यावर त्या त्या जागी चिकटपट्टीने लावा. लांबीत एखाद्या मिलिमीटरचा फरक असतो. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की कवच फुटते किंवा बोर्डाला भोक पडते. क्वेस्ट २ च्या वरच्या कड्यात इन्फ्रारेड दिवे आहेत आणि त्यांच्याकडे जाणारी फ्लेक्स कागदासारखी पातळ आहे. ती तुटली तर स्टिक नवी, पण ट्रॅकिंग गेलेले, असा प्रकार होतो.

फ्लेक्सच्या सॉकेटला एक छोटी झडप असते. ती नखाने वर उचलायची, मग पट्टी सहज बाहेर येते. जोर लावावा लागतो आहे म्हणजे झडप उघडलेली नाही, असे समजा. घरी बिघडवून आणलेल्या कंट्रोलरमध्ये तुटलेली झडप हाच दोष सर्वाधिक दिसतो. नवी पट्टी घालताना तिच्यावरची आडवी पांढरी रेघ सॉकेटच्या कडेला समांतर आली पाहिजे. तिरकी असेल तर एकच अक्ष चालतो. आणखी एक बारकावा व्हीआर कंट्रोलरचाच: स्टिकच्या टोपीला अंगठ्याचा नुसता स्पर्शही कळतो. हा स्पर्श वाहून नेणारा जोड नीट बसला नाही तर स्टिक हलते पण आभासी हाताचा अंगठा उठलेलाच राहतो. कवच मिटण्याआधी सेल घालून हे तपासून घ्या.

काही कंट्रोलरमध्ये मॉड्यूल फ्लेक्सवर नसते, थेट बोर्डावर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेले असते. पूर्ण आकाराच्या मॉड्यूलला १४ डाग असतात: दोन पॉटचे तीन-तीन, दाबण्याच्या बटणाचे चार आणि पकडीचे चार पाय. बोर्डात तांब्याचे थर असल्याने उष्णता पसरते, डाग वितळत नाही, माणूस कंटाळून मॉड्यूल ओढतो आणि त्याबरोबर बोर्डावरचे तांबे उपटून येते. हे शिकण्याचे काम नव्हे. सोल्डरिंगचा चांगला हात असलेल्या मोबाइल कारागिराकडे द्या, भाग आपला नेऊन द्या.

नवा भाग घेताना हॉल इफेक्टचा मिळत असेल तर तो विचारात घ्या. त्यात घासणारा पट्टाच नसतो. दांडीला चुंबक असतो आणि समोरचा सेन्सर चुंबकक्षेत्र मोजतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि सेगा कंपनीने सॅटर्न या गेमयंत्राच्या १९९६ च्या कंट्रोलरमध्ये व नंतर ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो वापरलाही. म्हणजे ड्रिफ्टवरचा उपाय तीस वर्षांपूर्वी बाजारात आलेला होता. नंतर सगळ्यांनी पॉट का धरून ठेवला याचे उत्तर बहुधा किमतीतच मिळेल. अर्थात हॉल म्हणजे अमृत नव्हे. स्प्रिंग त्यातही ढिली पडते, मूळ बोर्ड पॉटसाठी बनवलेला असल्याने मध्य किंवा टोके जुळवून घ्यावी लागतात, आणि सेन्सरला स्वतःची वीज लागते, त्यामुळे सेल थोडा लवकर उतरू शकतो. तुमच्या नेमक्या मॉडेलसाठीच बनवला आहे असे विक्रेता लेखी देत नसेल तर साधा पॉटचा भाग बरा.

आता हक्काविषयी. वॉरंटीत ड्रिफ्ट आला तर वीस नोंदी घेतानाचा व्हिडिओ करा, कंट्रोलर टेबलावर आणि पडद्यावरचा आकडा एकाच चौकटीत दिसेल असा. बिल आणि सिरियल क्रमांक जपून ठेवा. भारतातल्या विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. परदेशातून आणलेल्या हेडसेटची वॉरंटी बहुधा ज्या देशात घेतला तिथलीच असते, तेव्हा न्यू जर्सीच्या भावाने तो दिल्यावर बिलाची प्रतही मागून घ्या; दावा तिथल्या पत्त्यावरून त्यालाच करावा लागेल.

ग्राहकांनी लावून धरले की काय होते याचे उदाहरण समोर आहे. निन्टेन्डो या गेम कंपनीच्या जॉय-कॉन कंट्रोलरचा ड्रिफ्ट इतका गाजला की २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी पाठपुरावा केल्यावर २०२३ मध्ये कंपनीने तिथे वॉरंटी संपल्यानंतरही तो मोफत दुरुस्त करून देण्याचे कबूल केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. व्हीआर कंट्रोलर त्यातल्या दुसऱ्या क्षेत्रात सहज बसतो. त्याचे जॉयस्टिक मॉड्यूल सुटा भाग म्हणून, किमतीसह, कंपनीनेच विकावे एवढी साधी मागणी आहे. आज मूळ कंपनीचा भाग मिळवण्यापेक्षा अख्खा कंट्रोलर घेणे सोपे पडते, आणि नखाएवढ्या पट्ट्यावर चर पडला म्हणून चांगला चालणारा बोर्ड, दिवे आणि कवच ई-कचऱ्यात जाते.

आपल्या वृत्तपत्रात नव्या उपकरणांची ओळख करून देणारे सदर असते. पुढच्या वेळी एखाद्या हेडसेटविषयी छापाल तेव्हा स्टिक पॉटची आहे की हॉलची, आणि ती सुटी मिळते का, हे दोन प्रश्न कंपनीला विचारून त्यांची उत्तरे, किंवा उत्तर आले नाही तर तसे, किमतीच्या शेजारी छापावे ही विनंती.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
पुणे